‘धा’ धातू: ‘धारण’ सोडा, ‘ठेवणं’ धरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘धा’ धातूचा अर्थ पाठ्यपुस्तकात ‘धारण करणे, पोषण करणे’ असा दिलेला असतो. पण विधी, संधी, श्रद्धा, हित, परिधान, अंतर्धान हे सगळे शब्द त्याच धातूचे सांगतात, मग त्यांत धारण कुठे आहे? दुसरं, ‘दधाति’च्या पाठोपाठ लगेच ‘धत्तः’ येतं, तिथे ‘द’चा ‘ध’ का होतो? आणि तिसरं, गायत्री मंत्रातलं ‘धीमहि’ हे ‘धा’चं रूप की ‘ध्यै’चं?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि पहिल्याचं उत्तर नीट बसलं की बाकीचे दोन सोपे होतात. तीसेक वर्षं संध्याकाळच्या वर्गात संस्कृत शिकवतोय. या धातूपाशी विद्यार्थी दरवर्षी त्याच जागी अडखळतात, मीही अडखळलो होतो.

आधी धातुपाठात, म्हणजे पाणिनीय परंपरेतल्या धातूंच्या यादीत, काय आहे ते पाहू. तिसऱ्या गणात, म्हणजे जुहोत्यादि गणात, ‘डुधाञ् धारणपोषणयोः’ अशी नोंद आहे. सिद्धांतकौमुदी या व्याकरणग्रंथात पुढे ‘दानेऽप्येके’ अशी पुस्ती जोडली आहे, काही जण ‘देणे’ हाही अर्थ मानतात म्हणून. म्हणजे धरणं, पोसणं आणि देणं. धरणारा हात आणि देणारा हात एकाच धातूत कसे, असा प्रश्न इथेच पडायला हवा. धातुपाठातला अर्थ ही धातूची व्याख्या नव्हे, ती ओळख पटवायची खूण आहे. ‘बह्वर्था अपि धातवो भवन्ति’, धातूंना अनेक अर्थही असतात, हे पतंजलीच्या महाभाष्यातच सांगितलं आहे. तेव्हा ‘धारण’ हा शब्द छातीशी कवटाळून बसू नका.

‘धा’चा गाभा आहे ‘ठेवणे’. एखादी गोष्ट एखाद्या जागी ठेवणं. कुठे ठेवली, कशी ठेवली, कुणासाठी ठेवली यावर पुढचा अर्थ ठरतो. हातात ठेवली तर धरली, दुसऱ्याच्या हातात ठेवली तर दिली, तोंडात घास ठेवला तर पोसलं. कौमुदीतले तिन्ही अर्थ इथेच निकालात निघाले.

मराठी माणसाला हा धातू शिकवताना मी कोश उघडत नाही, फळ्यावर ‘घालणे’ असं लिहितो. आपण भाजीत मीठ घालतो, अंगात सदरा घालतो, पाहुण्याला जेवायला घालतो, पोराला शाळेत घालतो, डब्याला झाकण घालतो, एखाद्या प्रकरणात लक्ष घालतो. आई मुलाला जन्माला घालते. परदेशी माणसाला ‘घालणे’ शिकवायचं तर वीस अर्थांची यादी करून द्यावी लागेल, आणि तो बिचारा ती पाठ करत बसेल. आपल्याला मात्र हे वीस अर्थ आहेत असं कधी वाटतच नाही. आता हेच संस्कृतमध्ये बघा: सदरा घालणं म्हणजे परिधान, झाकण घालणं म्हणजे अपिधान, लक्ष घालणं म्हणजे अवधान, जेवायला घालणं म्हणजे धातुपाठातलं पोषण. गीतेच्या चौदाव्या अध्यायात ‘तस्मिन् गर्भं दधाम्यहम्’ आहे. त्याचं ‘मी गर्भ धारण करतो’ असं भाषांतर केलं की अनर्थ होतो, कारण गर्भ धारण करणारं तिथे महद्ब्रह्म आहे. बोलणारा गर्भ ठेवणारा आहे. ‘धारण’ या एका शब्दाने कर्ता आणि अधिकरण यांची अदलाबदल होते ती अशी.

जिथे ‘घालणे’ पुरत नाही तिथे ‘ठेवणे’ धावून येतं. आपण विश्वास ठेवतो, संस्कृत माणूस ‘श्रद्धा’ ठेवतो. ‘श्रत्’ हा जुना शब्द आणि पुढे ‘धा’. निघंटू या वैदिक शब्दांच्या जुन्या कोशात ‘श्रत्’ सत्याच्या नावांत दिला आहे. लॅटिनमधलं ‘क्रेदो’ हे याच जोडीचं भावंड आहे. आपण पैसे ठेवतो आणि त्याला ठेव म्हणतो, त्यांचा ‘निधि’. आपण दागिना गहाण ठेवतो, धर्मशास्त्रात गहाणवटीला ‘आधि’ हाच शब्द आहे. आपण बाळाचं नाव ठेवतो, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ७१व्या सूक्ताच्या पहिल्याच ऋचेत ‘नामधेयं दधानाः’ असे शब्द आहेत, म्हणजे नावं ठेवणारे. (आपल्याकडे अनुस्वार पडला की ‘नावं ठेवणं’ म्हणजे कुचाळकी. वैदिक ऋषींवर तो आरोप नको.) तिसरं क्रियापद ‘लावणे’. धनुष्याला बाण लावला की शरसंधान, दार लावलं की पिधान. संस्कृत संभाषणाच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात ते ‘द्वारं पिदधातु’ हेच. ‘अपि’ उपसर्गातला ‘अ’ गळून ‘पि’ उरतो, त्यामुळे अपिधान आणि पिधान ही दोन्ही रूपं चालतात.

ज्यांच्या घरात चित्राहुती घालून जेवायला बसायची पद्धत होती त्यांनी जेवणानंतरचं उत्तरापोशन पाहिलं असेल. आमचे आजोबा ताटावरून उठण्याआधी तळहातावर पळीभर पाणी घेत, ‘अमृतापिधानमसि’ म्हणत आणि ते पिऊन टाकत. जेवणाआधी ‘अमृतोपस्तरणमसि’, म्हणजे पाणी हे खाली अंथरलेलं आणि जेवणानंतर ‘अमृतापिधानमसि’, म्हणजे पाणी हे वरून घातलेलं झाकण. लहानपणी मी हे ‘अमृता पी, धान मसी’ असं तोडून ऐकायचो आणि ‘मसी’ म्हणजे शाई असं कुठेतरी वाचल्यामुळे फार गोंधळायचो. ‘पिधान’ म्हणजे झाकण हे कळलं तेव्हा ‘धा’ धातूशी माझी खरी ओळख झाली.

आता एक सावधगिरी. ‘धारण’ या अर्थामुळे विद्यार्थी धर्म, आधार, धैर्य, निर्धार, अवधारणा हे सगळे ‘धा’च्या गोठ्यात बांधतात. यांतला एकही ‘धा’चा नाही. ‘धारण’ हा शब्दच मुळी ‘धृ’ धातूचा आहे. धर्म आणि आधार ‘धृ’चे, आधान आणि विधान ‘धा’चे. शब्दात ‘र’ दिसला की थांबून विचार करायचा. ‘धात्री’सारखे शब्द याला अपवाद, कारण तिथला ‘र’ प्रत्ययाचा आहे. आणि ज्याला आपण धातू धातू म्हणतोय तो ‘धातु’ शब्द मात्र खुद्द ‘धा’चाच आहे. सोनं-तांब्याचा धातू, शरीरातले सात धातू आणि व्याकरणातला धातू, तिन्ही पाया म्हणून ठेवलेले घटक.

उपसर्गांची पूर्ण यादी मी इथे देणार नाही, ती कुठल्याही कोशात आहे. (डेक्कन कॉलेजातला मोठा संस्कृत कोशप्रकल्प १९४८ मध्ये सुरू झाला आणि अजून ‘अ’मध्येच आहे, त्यामुळे ‘ध’ यायची वाट पाहू नका.) पाणिनीच्या अष्टाध्यायीतल्या एका सूत्राकडे मात्र लक्ष द्या (आकडे अध्याय, पाद आणि सूत्र यांचे): ‘उपसर्गे घोः किः’, ३.३.९२. ‘घु’ ही पाणिनीने ‘दा’ आणि ‘धा’ या रूपांच्या धातूंना मिळून दिलेली संज्ञा. आधी उपसर्ग असताना या धातूंना ‘कि’ प्रत्यय लागतो, त्यातला ‘क्’ जातो, धातूचा ‘आ’ही जातो, आणि ‘धि’ उरतो. विधि, निधि, संधि, परिधि, अवधि, उपाधि, समाधि, आधि, व्याधि ही सगळी एकाच साच्यातली नाणी आहेत. पुढचं सूत्र उपपद, म्हणजे आधी जोडलेलं नाम, असतानाचं आहे, त्यातून जलधि आणि इषुधि, म्हणजे पाणी ठेवायची जागा आणि बाण ठेवायची जागा. संस्कृतमध्ये हे ‘कि’ प्रत्ययाचे शब्द पुल्लिंगी असतात. मराठीत आल्यावर त्यांची पांगापांग झाली. तो विधी, तो निधी, तो अवधी, पण ती समाधी, ती व्याधी, ती उपाधी. ‘संधी’ तर दोन घरं करून राहतो: व्याकरणातला तो संधी, आणि नोकरीची मिळते ती संधी. उपाधीचं मराठीत काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. पदवीही उपाधी आणि ‘कशाला नसती उपाधी मागे लावून घेतलीस’ यातली कटकटही उपाधी. मूळ अर्थ ‘जवळ नेऊन ठेवलेलं’. पदवी असो की व्याप, दोन्ही बाहेरून येऊन चिकटतात.

‘वि’ उपसर्गाचा संसार मात्र अफाट आहे. वि-धा म्हणजे वेगवेगळं करून जागच्या जागी ठेवणं, त्यातून व्यवस्था लावणं, त्यातून ठरवून देणं. मुंबईत विधान भवन आहे, त्यात विधिमंडळ बसतं, तिथे विधेयक मांडलं जातं, आणि हे सगळं संविधानाप्रमाणे चालतं. पंतप्रधानांमधलं ‘प्रधान’ही ‘धा’चंच, शिवरायांच्या अष्टप्रधानांतलंही. तिकडे ब्रह्मदेव विधाता, त्याने कपाळावर लिहिलेलं ते विधिलिखित. लग्नातही विधी आणि डोंगरात मुक्काम असेल तर सकाळचेही विधी. भारवी कवीची ओळ अनेकांना तोंडपाठ असते, ‘सहसा विदधीत न क्रियाम्’, घाईघाईने काही करू नये. यात ‘विदधीत’ हे ‘करावं’ अशा अर्थाचं आत्मनेपदी विधिलिङ्‌चं रूप आहे, आणि गंमत म्हणजे ‘विधिलिङ्’ या नावातला ‘विधि’ही त्याच ‘वि-धा’चा.

आता रूपांकडे. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

‘डुधाञ्’ मधले ‘डु’ आणि ‘ञ्’ हे चिकटवलेले खुणेचे वर्ण आहेत. ‘ञ्’ सांगतो की धातू उभयपदी आहे: क्रियेचं फळ कर्त्याला मिळणार असेल तर आत्मनेपद, दुसऱ्याला मिळणार असेल तर परस्मैपद. हा भेद पुढच्या वाङ्मयात पुसट झाला, पण जुन्या वाक्यांत तो जिवंत आहे. ‘वसन्ते ब्राह्मणोऽग्नीनादधीत’ इथे आत्मनेपद आहे, कारण अग्नी ठेवणारा तो स्वतःसाठी ठेवतो. असा अग्नी ज्याने ठेवला तो आहिताग्नी. पुण्यातल्या आहिताग्नी राजवाड्यांच्या नावातला हा शब्द आडनावाचा भाग नव्हे, ती त्यांची ओळख होती.

जुहोत्यादि गणाची खूण म्हणजे द्वित्व. ‘धा’चं ‘धाधा’ होतं. पहिला तुकडा ऱ्हस्व होतो, ‘धधा’. मग त्या पहिल्या तुकड्यातला महाप्राण, म्हणजे ‘ह’सारखा श्वासाचा झोत, जातो, ‘दधा’. म्हणून दधाति, दधासि, दधामि. इथवर कुणाचंच अडत नाही.

द्विवचनात प्रत्यय आहे ‘तस्’. असे ‘दुबळे’ प्रत्यय पुढे आले की द्वित्व झालेल्या धातूचा शेवटचा ‘आ’ गळतो (‘श्नाभ्यस्तयोरातः’, ६.४.११२). दधा + तस्, आ गेला, उरलं दध् + तस्. आता दोन गोष्टी होऊ शकतात. ‘बुध् + त’ चं ‘बुद्ध’ होतं ना, तसं ‘दध् + तस्’ चं ‘दद्धः’ व्हायला हवं होतं. तसं होण्याचं सूत्रही आहे, ‘झषस्तथोर्धोऽधः’, ८.२.४०. त्याच्या शेवटचा ‘अधः’ नीट वाचा. तो ‘खाली’ या अर्थाचा ‘अधः’ नाही, ‘अ-धः’, म्हणजे ‘धा’ सोडून. एका अक्षरात पाणिनीने या धातूला रांगेबाहेर काढलं. मग ‘ध्’चा पुढच्या ‘त’मुळे ‘त्’ झाला, ‘दत्तः’ असं काहीतरी दिसू लागलं, आणि ते तर ‘दा’ धातूचं रूप आहे! देणं आणि ठेवणं एकच होऊन बसलं असतं. तसं होत नाही, कारण ‘दधस्तथोश्च’, ८.२.३८: ‘त’ आणि ‘थ’ पुढे असताना ‘दध्’मधल्या पहिल्या ‘द’चा ‘ध’ होतो. सूत्रातल्या ‘च’मुळे ‘स’ आणि ‘ध्व’ही आत येतात. म्हणून धत्तः, धत्थः, धत्ते, धत्से, धद्ध्वे. (सूत्रक्रमाचा जाणकार इथे हरकत घेईल की पहिल्या ‘ध’चा ‘द’ करणारं सूत्र अष्टाध्यायीत याच्या पुढे आहे, म्हणजे ३८व्या सूत्राच्या दृष्टीने ते असिद्ध, जणू अजून घडलेलंच नाही, मग त्याला ‘द’ दिसलाच कसा? टीकाकारांचं उत्तर व्यवहारी आहे: दिसला नाही असं मानलं तर हे सूत्रच फुकट जाईल, म्हणून दिसला.)

वर्गात मी हे हाताने दाखवतो. तळहात तोंडासमोर धरा आणि ‘दधाति’ म्हणा. श्वासाचा झोत दुसऱ्या अक्षराला लागतो. आता ‘धत्तः’ म्हणा. झोत पहिल्याच अक्षराला लागतो. मग ‘दधति’, परत दुसऱ्याला. श्वास तोच, मागची जागा बंद झाली की तो पुढच्या जागेतून बाहेर पडतो. विद्यार्थी हसतात, पण पुन्हा चुकत नाहीत. ‘धद्ध्वे’ला मात्र दोन झोत लागतात. तो एक नग वेगळा लक्षात ठेवावा.

हे फक्त ‘धा’पुरतं नाही. ‘बुध्’चं भविष्यकाळी ‘भोत्स्यते’ होतं, ‘दुह्’चं ‘धोक्ष्यति’, तेही याच कुळातलं. त्याचं सूत्र शेजारीच, ८.२.३७. भाषाशास्त्रज्ञ हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने सांगतात: मुळात दोन्ही अक्षरं महाप्राण होती, लागोपाठच्या दोन महाप्राणांतला पहिला मऊ पडला, आणि दुसऱ्याचा प्राण गेला तिथे पहिल्याचा टिकला. १८६३ साली हर्मान ग्रासमान यांनी हा नियम संस्कृत आणि ग्रीक दोन्हींना लावून दाखवला. ग्रीकमध्ये ‘धा’चं भावंड ‘तिथेमि’, ठेवतो, तिथेही आधी ‘थि-थे’ होतं. ग्रासमान पेशाने गणिताचे शाळामास्तर, आणि फावल्या वेळात ऋग्वेदाचा कोश करून गेले.

बाकीची रूपं भराभर सांगतो. वर्तमानकाळी तृतीय पुरुष बहुवचन ‘दधति’, ‘दधन्ति’ नव्हे, कारण द्वित्व झालेल्या धातूपुढे ‘अन्ति’चा ‘अति’ होतो. त्याच कारणाने ‘ठेवत असलेला’ या अर्थी शतृ प्रत्ययान्त ‘दधत्’, आणि पुल्लिंगी प्रथमेतही ‘दधत्’च, ‘दधन्’ नाही. लङ्‌मध्ये भूतकाळी अदधात्, अधत्ताम्, अदधुः. लोट्‌मध्ये आज्ञा द्यायची तर ‘धेहि’, जसं ‘दा’चं ‘देहि’. ‘देहि’ घराघरांत आरतीमुळे पोचलं आहे, ‘धेहि’ पोचलं नाही, म्हणून विद्यार्थी ‘दधाहि’ लिहितात. आत्मनेपदी आज्ञा ‘धत्स्व’, गीतेच्या बाराव्या अध्यायातलं ‘मय्येव मन आधत्स्व’ ते हेच, माझ्याच ठायी मन ठेव. भविष्यकाळ धास्यति, कर्मणि धीयते, प्रेरक धापयति, इच्छार्थी धित्सति, लुङ् या दुसऱ्या भूतकाळात अधात् आणि आत्मनेपदी अधित. लिट् या परोक्ष भूतकाळात दधौ, दधतुः, दधुः. आत्मनेपदी दधे, दधाते, दधिरे. इथे एक खड्डा आहे. ‘दधे’ हे वर्तमानात ‘मी ठेवतो’ आणि लिट्‌मध्ये ‘त्याने ठेवलं’, दोन्ही होऊ शकतं. ‘इत्युक्त्वान्तर्दधे’ असं पुराणात आलं की ते लिट्‌च, कथा सांगणारा स्वतः गुप्त होत नसतो. याचाच चुलतभाऊ प्रत्येक पूजेला ऐकू येतो, सत्यनारायणाच्या पोथीतलं ‘वृद्धस्तत्रैवान्तरधीयत’. तो म्हातारा ‘आत ठेवला गेला’, म्हणजे दिसेनासा झाला. आपलं ‘अंतर्धान पावला’ ते हेच.

आणि आता ‘हित’. ‘-लेलं’ या अर्थाचा क्त प्रत्यय लावताना ‘धा’च्या जागी ‘हि’ येतो (‘दधातेर्हिः’, ७.४.४२). त्यामुळे हित, विहित, निहित, अभिहित, पिहित, व्यवहित. मुळात ‘धित’ होतं आणि त्यातला ‘ध’ झिजून ‘ह’ उरला, हे वेदात दिसतंच. ७.४.४५ मध्ये पाणिनीने ‘सुधित, वसुधित, नेमधित’ ही छांदस, म्हणजे वैदिक, रूपं नोंदवून ठेवली आहेत. हित म्हणजे ‘ठेवलेलं’. योग्य जागी ठेवलेलं ते कामाला येतं, म्हणून ‘भलं’. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ‘अग्निमीळे पुरोहितम्’ आहे. पुरोहित म्हणजे पुढे ठेवलेला. निरुक्तकार यास्काने ‘पुर एनं दधति’ अशीच फोड केली आहे. त्याच ऋचेचा शेवटचा शब्द ‘रत्नधातमम्’. तिथे यास्क ‘दातृतमम्’ असा, देणारा, अर्थ घेतो, तर वेदभाष्यकार सायण धारण आणि पोषण यांच्याकडे जातो. एकाच शब्दावर हजारो वर्षांच्या परंपरेतल्या दोन दिग्गजांनी धातुपाठाची दोन टोकं धरली. ‘रत्नं ठेवणारा’ म्हटलं तर दोघांचंही राहतं: आधी त्याच्याकडे ठेवलेली, मग आपल्यासमोर ठेवलेली.

‘सहित’ही याच ‘हित’चं. सम् + हित, त्यातला ‘म्’ विकल्पाने गळतो. राहिला तर संहित, गळला तर सहित. म्हणून ऋग्वेदसंहिता, निवडणुकीची आचारसंहिता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता या एका ताटातल्या. ‘सहित’चा भाव तो साहित्य. संस्कृतात शब्द आणि अर्थ एकत्र ठेवले की साहित्य, मराठीत रवा, साखर आणि तूप एकत्र ठेवलं तरी साहित्य. पाककृतीत वर ‘साहित्य’ असा मथळा वाचून मराठीचे प्राध्यापक कितीही नाक मुरडोत, व्युत्पत्ती स्वयंपाकघराच्या बाजूने आहे. ‘रहित’ मात्र यातला नाही, तो ‘रह्’ धातूचा, टाकून देणे. ‘मोहित’ही नाही.

परीक्षेला बसणाऱ्यांनी इथे एक गोष्ट कोरून ठेवावी. ‘धा’ला ‘-ऊन’ या अर्थाचा क्त्वा लागला की ‘हित्वा’. आणि ‘हा’, म्हणजे टाकणे, या धातूलाही क्त्वा लागला की ‘हित्वा’च. पाणिनीने लागोपाठच्या सूत्रांत दोन्ही सांगितलं आहे. अर्थ एकमेकांच्या उलट: ठेवून आणि सोडून. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘ततः स्वधर्मं कीर्तिं च हित्वा पापमवाप्स्यसि’ आहे. पदवीच्या पहिल्या वर्षी मी तोंडी परीक्षेत आत्मविश्वासाने सांगितलं की हे ‘धा’चं, कारण नुकतंच ७.४.४२ पाठ केलं होतं. परीक्षक शांतपणे म्हणाले, “म्हणजे स्वधर्म आणि कीर्ती सांभाळून ठेवली तर पाप लागेल, असं भगवान म्हणतात का?” त्यानंतर बाहेर येईपर्यंत मला दुसरं काही आठवलं नाही. व्यवहारात सुटा ‘हित्वा’ बहुतेक वेळा ‘हा’चाच असतो, कारण ‘धा’ एकटा फारसा हिंडत नाही. त्याला उपसर्ग लागतो, आणि उपसर्ग लागला की क्त्वाच्या जागी ल्यप् येऊन विधाय, निधाय, आधाय, प्रणिधाय होतं.

राहिला ‘धीमहि’. परंपरेने शिकलेला अर्थ ‘आम्ही ध्यान करतो’, आणि तो ‘ध्यै’ धातूचा छांदस प्रयोग मानला जातो. पण ‘ध्यै’ची रूपं ध्यायति, ध्यायेम अशी होतात, आणि ‘धीमहि’ त्यांत सरळ बसत नाही. ‘धा’च्या आत्मनेपदात मात्र ते चपखल बसतं: लुङ्‌च्या अंगाला लागलेलं इच्छादर्शक रूप, प्रथम पुरुष बहुवचन. वर आलेल्या ७.४.४५ या सूत्रातलीच ‘धिष्व’ आणि ‘धिषीय’ ही रूपं त्याच्या शेजारची. वैदिक व्याकरणाचे आधुनिक अभ्यासक म्हणूनच ते ‘धा’कडे देतात. मला पटणारा पुरावा ऋग्वेदातच दुसरीकडे आहे, १.१७.६ मध्ये: ‘तयोरिदवसा वयं सनेम नि च धीमहि’. त्या दोघांच्या, म्हणजे इंद्र आणि वरुणाच्या, कृपेने आम्ही मिळवू आणि साठवून ठेवू. पुढे लगेच येतं, वर उरावंही. इथे ध्यानाला जागाच नाही. ‘नि-धा’ म्हणजे ठेव ठेवणं, आपला ‘निधी’. तोच शब्द ३.६२.१० मध्ये, गायत्रीत, आला की ‘सवित्याचं ते श्रेष्ठ तेज आम्ही आपल्या ठायी ठेवू’, आपलंसं करू. आत्मनेपद आहे, म्हणजे स्वतःसाठी. मात्र पुढच्याच चरणात ‘धियो यो नः’ आहे, आणि तिथली ‘धी’ चिंतनाच्या कुळातली आहे. दोन्हींचा नाद जुळतो. नंतरच्या कानाला ‘धीमहि’त ‘ध्यान’ ऐकू आलं ते या शेजारामुळे, आणि त्या कानाला मी चूक म्हणणार नाही.

तुम्ही रोज म्हणत असाल त्या अथर्वशीर्षात ‘एकदन्ताय विद्महे वक्रतुण्डाय धीमहि’ येतं. तिथे चतुर्थी का, असं पुढे विचाराल म्हणून आत्ताच सांगतो: ‘ध्यै’ला कर्म द्वितीयेत लागतं, त्यामुळे ध्यानाच्या अर्थाने ही चतुर्थी अडते, आणि ‘ठेवू’ म्हटलं तरी काय ठेवायचं ते वाक्यात नाही. तोवर ‘विद्महे... धीमहि... प्रचोदयात्’ हा एक साचा झाला होता. त्यात देवतेचं नाव घालायचं, की त्या देवतेची गायत्री तयार.